परिचारक होण्याच्या वाटेवर: नर्सिंग शिकणाऱ्या पुरुषांसाठी

नर्सिंगच्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या पुरुषाला दोन गोष्टी बहुधा आधीच ऐकवलेल्या असतात. हे बायकांचे काम आहे, ही पहिली; आणि तू पुरुष आहेस तेव्हा पुढे तुझे फार चांगले होईल, ही दुसरी. पहिली ऐकून तो खट्टू होतो, दुसरी ऐकून सुखावतो. मी स्वतः हे प्रशिक्षण घेतले, त्यानंतर बरीच वर्षे वॉर्डात काढली आणि आता विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन जाण्याचे काम करतो. एवढ्या काळात माझे मत असे बनले आहे की, या दोहोंतील दुसरे वाक्य अधिक घातक आहे. टिंगल बोचते, पण ती शिकण्याच्या फारशी आड येत नाही. सवलत मात्र गोड असते, आणि जे काम शिकण्यासाठी आपण आलेलो असतो, नेमके तेच ती हळूच हातातून काढून घेते. पुढील पायऱ्या ही गोष्ट मनात ठेवून लिहिल्या आहेत. वृद्धांची निगा, बालसंगोपन किंवा सुईणकाम शिकणाऱ्या पुरुषांनाही त्यांतील बऱ्याचशा उपयोगी पडाव्यात.

पहिली पायरी: ‘नर्सिंगच का?’ याचे उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न घरचे विचारतील, वर्गातील मुली विचारतील, रुग्ण विचारतील आणि रुग्णाचे नातेवाईक तर हमखास विचारतील. बहुतेक जण यावर ‘डॉक्टर व्हायचे होते, पण जमले नाही’ अशी शरणागती तरी पत्करतात किंवा सेवेच्या महतीवर लहानसे भाषण तरी देतात. दोन्ही टाळावे. एकच खरे वाक्य ठरवून ठेवावे, मग ते कितीही साधे असो. ‘आजोबा आजारी असताना त्यांचे सगळे मीच केले आणि ते मला जमते असे लक्षात आले’, हे पुरेसे उत्तर आहे. ‘नोकरी लवकर मिळते’, हेही पुरेसे आहे, कारण मुलीने हेच उत्तर दिले तर कोणी भुवया उंचावत नाही.

उत्तर ठाम यावे म्हणून थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांपैकी परिचारकाचे गुणही चार आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. ताकद हा गुण त्या यादीत नाही, हे मला नेहमी लक्षणीय वाटते. युरोपात १५५० मध्ये जन्मलेला कॅमिलस द लेलिस हा सैनिक आणि जुगारी होता. पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळे तो स्वतः रुग्णालयात पडून राहिला आणि पुढे त्याने रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांचा संघच स्थापन केला. म्हणजे आजाऱ्याजवळ बसणारा पुरुष ही काही आजची नवलाई नव्हे.

मग हे बायकांचे काम कधी झाले? फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झालेली प्रशिक्षणशाळा केवळ स्त्रियांसाठी होती. ज्या काळात स्त्रीला प्रतिष्ठेने पोट भरण्याचे मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळात या शाळेने हा एक मार्ग खुला केला, याबद्दल पुरुषाने कुरकुर करण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतर पुरुषांसाठी दारे खरोखरच बंद झाली. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने परिचारिकांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पुरुषांना मुख्य नोंदवहीत जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी यादी होती. तेथील रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुरुषांना सभासदत्व दिले ते १९६० मध्ये. अमेरिकी लष्कराच्या परिचारिका दलात पहिला पुरुष अधिकारी १९५५ मध्ये आला.

जो होगन यांचे प्रकरण तर प्रत्येक पुरुष विद्यार्थ्याला माहीत असावे असे मला वाटते. ते नोंदणीकृत परिचारक होते आणि त्यांना नर्सिंगची पदवी घ्यायची होती. त्यांच्याच गावातील मिसिसिपी युनिव्हर्सिटी फॉर विमेन या सरकारी विद्यापीठाने त्यांना पुरुष म्हणून प्रवेश नाकारला. गंमत अशी की, वर्गात बसून ऐकण्यास विद्यापीठाची हरकत नव्हती; फक्त पदवी मिळणार नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल होगन यांच्या बाजूने दिला, आणि बहुमताचा निकाल लिहिला तो त्या न्यायालयातील पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी. पुरुषांना असे बाहेर ठेवल्याने नर्सिंग हे बायकांचेच काम आहे हा समज अधिक घट्ट होतो, असे त्यात म्हटले होते. बंद दाराचा तोटा दाराच्या दोन्ही बाजूंना असतो, हे त्या निकालाने कायद्याच्या भाषेत मांडले.

दुसरी पायरी: डोळ्यांत भरण्याची सवय करून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगभरातील परिचर्या मनुष्यबळात स्त्रियांचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. तुमच्या वर्गातही साधारण असेच चित्र असेल. शिक्षिका सवयीने ‘मुलींनो’ म्हणतील, गणवेशाच्या नियमात तुमच्यासाठी शेवटी एखादी ओळ असेल आणि कपडे बदलायला मिळालेली खोली म्हणजे बहुधा कोणाची तरी अडगळीची जागा असेल. खोलीबद्दल लेखी मागणी करावी. ती रास्त आहे. ‘मुलींनो’चे मात्र फार मनावर घेऊ नये. ज्या वर्गांत आणि कचेऱ्यांत पुरुषच अधिक असतात, तेथे बायकांनी हेच किती वर्षे ऐकून घेतले आहे, हे आठवले की राग आपोआप उतरतो.

खरी अडचण वेगळीच असते. तीस जणींमध्ये तुम्ही दोघे किंवा तिघे असाल, तर तुमचे नाव सर्वांना पहिल्याच आठवड्यात पाठ होते. तुम्ही गैरहजर असलात की लगेच कळते, इंजेक्शन देताना हात थरथरला तर ते वर्षभर लक्षात राहते आणि कोणाही मुलीने केले असते तितकेच काम केले तरी ‘किती मन लावून करतो हो’ असे कौतुक होते. अशा कौतुकाने फुगू नये आणि चुकीने खचूही नये. दर पंधरवड्याला शिक्षिकेकडे जाऊन ‘माझ्या बेड मेकिंगमध्ये, ड्रेसिंगमध्ये, नोंदींमध्ये नेमके काय कमी पडते?’ असे विचारावे. मोघम कौतुकातून बाहेर पडण्याचा मला सापडलेला उपाय हाच.

तिसरी पायरी: स्पर्श शिका

या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड विषय स्पर्श हा आहे, आणि वेळापत्रकात त्याला तास नसतो. स्त्रीचा स्पर्श हा काळजीचा आणि पुरुषाचा स्पर्श हा संशयाचा, अशी समाजाची ढोबळ वाटणी असते. कॅनडातील संशोधक जोन इव्हान्स यांनी पुरुष परिचारकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या स्पर्शाचा कोणी भलता अर्थ लावील या धास्तीने हे पुरुष फार जपून वागतात, असे त्यात दिसले. ही धास्ती खोटी नाही. परंतु तिच्यापोटी विद्यार्थी हात आखडता घेतो, घाईघाईने उरकतो, रुग्णाकडे न पाहता भिंतीकडे पाहतो. आणि अवघडलेला हातच रुग्णाला सर्वाधिक अवघडवतो. म्हणून धास्तीवर पद्धतीनेच मात करावी लागते.

स्पंज बाथपासून, म्हणजे रुग्णाचे अंग पलंगावरच पुसून काढण्यापासून सुरुवात करावी. पडदा आधी ओढावा, ट्रॉली नंतर आत न्यावी; उलट केले तर सामान लावत असताना रुग्ण उघड्यावर ताटकळतो. पाण्याचे तापमान स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहावे आणि मग रुग्णालाही पाण्यात बोटे बुडवून पाहू द्यावे, म्हणजे पहिला स्पर्श त्याने आपल्या मर्जीने केलेला असतो. डोळे आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे, साबण न लावता आणि प्रत्येक डोळ्याला फडक्याचा वेगळा भाग वापरून पुसावेत. पुढे एका वेळी एकच अवयव उघडावा. तो धुऊन, कोरडा करून, झाकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. जांघेचा भाग सर्वांत शेवटी येतो आणि त्यासाठी पाणी बदलायचे असते. रुग्णाचा हात तेथवर पोहोचत असेल, तर ओले फडके त्याच्या किंवा तिच्या हाती देऊन आपण पाठ वळवावी. जेथे आपल्याला पुसावे लागते, तेथे स्त्री रुग्णाच्या बाबतीत पुढून मागे हा क्रम कधीही बदलू नये, कारण उलट दिशेने पुसल्यास जंतू मूत्रमार्गाकडे जातात. हे सगळे करत असताना पुढची कृती आधी शब्दांत सांगावी: ‘आता उजवा हात घेतो’, ‘आता कुशीवर वळवतो’. न सांगता केलेला स्पर्श, तो कितीही निर्मळ असो, दचकवतोच.

दुसरे उदाहरण ईसीजीचे, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढण्याचे घेऊ, कारण पुरुष विद्यार्थ्याची परीक्षा तेथे खरोखर होते. छातीवर सहा इलेक्ट्रोड, म्हणजे तारा जोडण्याच्या चकत्या, लावायचे असतात. त्यांपैकी पहिले दोन उरोस्थीच्या दोन्ही कडांना, चौथ्या बरगडीखालच्या फटीत येतात. चौथा त्याखालच्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून सरळ खाली आणलेल्या रेषेवर येतो आणि स्त्रीच्या बाबतीत तो बहुधा स्तनाखाली लावावा लागतो. संकोचाने तो वरच कोठेतरी चिकटवून मोकळे होणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तसे केल्याने आलेख बदलतो, आणि लाज वाचवण्याच्या नादात चुकीचा कागद डॉक्टरांच्या हाती जातो. रुग्णाला स्वतःच स्तन वर धरण्यास सांगावे. तिला शक्य नसेल, तर सांगून, हाताच्या पालथ्या बाजूने उचलावा. इलेक्ट्रोड लागताच चादर वर ओढावी. आलेख झाकलेल्या छातीचाही तितकाच चांगला निघतो.

परवानगी मागताना शब्द नेटके असावेत. ‘मी केलं तर चालेल ना?’ असे चाचरत विचारले, की समोरच्या व्यक्तीला यात काहीतरी न चालण्यासारखे आहे असेच वाटते. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘मी नर्सिंगचा विद्यार्थी आहे. तुमचा ईसीजी काढायचा आहे. छातीवर सहा ठिकाणी लावावं लागेल, दुखत नाही. सिस्टर इथेच थांबणार आहेत. सुरू करू का?’ यात तुम्ही कोण, काय करणार, किती करणार आणि सोबत कोण, हे चारही मुद्दे येतात. स्त्री रुग्णाच्या खासगी अवयवांशी संबंधित कामात एखादी महिला सहकारी सोबत असलीच पाहिजे. त्यात अपमान वाटून घेऊ नये, कारण तिच्या असण्याने रुग्णाला धीर येतो आणि तुम्हालाही संरक्षण मिळते.

एवढे करूनही नकार येईल. तेव्हा ‘ठीक आहे, मी सिस्टरना सांगतो’ एवढेच म्हणून तसे सांगावे आणि नोंद करावी. नकाराचे कारण विचारू नये, चेहरा पाडू नये. मात्र एक पथ्य पाळावे: नकार देण्याचा हक्क रुग्णाचा आहे आणि तो आपणच तिच्या वतीने आधी बजावून टाकू नये. ‘बाई आहे, नाहीच म्हणणार’ असे गृहीत धरून विचारायलाच न जाणारे विद्यार्थी तीन वर्षांनी अर्धेच काम शिकून बाहेर पडतात.

पुरुष रुग्णाजवळ सगळे सोपे असते, असेही समजू नये. काही वृद्ध पुरुष परिचारिकेसमोर युरिनल मागण्याऐवजी तासन्‌तास कळ काढतात आणि तुम्ही दिसताच त्यांच्या चेहऱ्यावर सुटका उमटते. काहींना मात्र पुरुषाने आपले अंग पुसावे हेच विचित्र वाटते आणि ते ‘मला सिस्टरच पाहिजेत’ म्हणतात. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालताना किंवा अंग पुसताना एखाद्याच्या लिंगाला ताठरता येते. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि बहुतेक वेळा रुग्ण तुमच्याहून कितीतरी अधिक ओशाळलेला असतो. चादर ओढावी, ‘थोड्या वेळाने करू, असं होतं’ एवढे सपाट आवाजात म्हणावे आणि दुसऱ्या कामाला लागावे. विनोद करू नये. पुरुषांमध्ये अशा वेळी विनोद करून वेळ मारून नेण्याची सवय असते, पण पलंगावरच्या माणसाला त्या विनोदात वाटा नसतो.

चौथी पायरी: ताकदीचा हिशेब ठेवा

‘ब्रदर, जरा इकडे या’ ही हाक दिवसातून किती वेळा येते, याची मोजदाद पहिल्या पोस्टिंगपासून, म्हणजे वॉर्डातील पहिल्या नेमणुकीपासून सुरू करावी. वजनदार रुग्णाला वर सरकवायचे, सिलिंडर हलवायचा, स्ट्रेचर ढकलायचा, आरडाओरडा करणाऱ्याला धरायचे. हाक आली की बरे वाटते, हे मी नाकारत नाही. ज्या ठिकाणी आपले पुरुषपण सतत प्रश्नांकित होत असते, तेथे ते कोणाच्या तरी कामी येत असल्याचा दिलासा मोठा असतो. तरीही दोन गोष्टी विसरू नयेत.

पहिली गोष्ट पाठीची. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या निऑश या संस्थेच्या सूत्रावरून रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो धरली जाते, आणि तीही परिस्थिती अनुकूल असताना. प्रौढ माणसाचा एक पायही जवळपास तेवढा भरू शकतो. ही मर्यादा पुरुषाला वेगळी आणि स्त्रीला वेगळी नाही. म्हणून रुग्णाला सरकवण्याची ड्रॉ शीट किंवा स्लाइड शीट, किंवा उचलण्याचे यंत्र म्हणजे हॉइस्ट असेल तेथे तेच वापरावे, पलंग कमरेच्या उंचीवर घ्यावा, दोघांनी मिळून आणि आकडे मोजून सरकवावे, कमरेत पीळ देऊ नये. ‘अरे, तू एकटा उचलशील’ या वाक्याला भुलून निकामी झालेल्या पाठी मी पाहिल्या आहेत, आणि त्यानंतर त्या पाठीची विचारपूस करायला कोणी येत नाही.

दुसरी गोष्ट पहारेकरीपणाची. भ्रमात किंवा संतापात असलेल्या रुग्णासमोर पुरुष विद्यार्थ्याला ढालीसारखे पुढे केले जाते. एकट्याने जाऊ नये. थेट समोर न उभे राहता किंचित बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर आणि दाराकडची वाट मोकळी ठेवून उभे राहावे. आवाज रुग्णाच्या आवाजाहून खाली ठेवावा. अंगाने भरलेला तरुण समोर ठाकला की कित्येकदा गोंधळ वाढतोच, आणि एखादी ठेंगणी, वयस्क सिस्टर ‘काय झालं बाबा?’ म्हणत बाजूला बसली की तो शमतो. ती हे कसे करते, ते पाहून ठेवावे.

मोजदादीकडे परत येतो. डायरीच्या मागच्या पानावर दोन रकाने करावेत: उचलण्यासाठी किती वेळा बोलावले, आणि शिकण्यासाठी किती वेळा. पहिला रकाना सलग दोन आठवडे दुसऱ्याच्या पुढे गेला, तर ते पान घेऊन शिक्षिकेकडे जावे. तक्रारीपेक्षा आकडा लवकर ऐकला जातो.

पाचवी पायरी: सवलत नाकारा

येथे मला स्वतःबद्दल सांगितलेच पाहिजे. प्रशिक्षणात माझी पोस्टिंग प्रसूती कक्षात लागली, तेव्हा तेथील इन्चार्जनी पहिल्याच सकाळी मला म्हटले, ‘तू इथे काय करणार? जा, कॅज्युअल्टीत माणूस हवाच आहे.’ मी खुशीने गेलो. कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, धावपळ होती, टाके होते, प्लास्टर होते. तेथे माझ्या पुरुष असण्याचे कोणाला काही वाटत नव्हते. लॉगबुकातील, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कामांच्या नोंदवहीतील, प्रसूतीचे रकाने दारातून पाहिलेल्या केसेसनी भरले आणि त्यांवर सह्याही झाल्या. सगळ्यांचीच सोय झाली होती.

पुढे नोकरीला लागल्यावर एका रात्री दीड तासापूर्वी बाळंत झालेली बाई माझ्या ताब्यात आली. ती मलूल होती आणि पॅड बदलून काही मिनिटे होतात तोच तो पुन्हा भिजला होता. मी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, डॉक्टरांना फोन लावला, सलाईनचा वेग वाढवला. हे सगळे बरोबरच होते. फक्त तिच्या पोटावर मी हात ठेवला नाही, कारण तो कोठे ठेवायचा आणि खाली काय लागायला हवे, हे मला हाताने माहीत नव्हते. पुस्तकाने माहीत होते. शेजारच्या वॉर्डातून आलेल्या वयस्क सिस्टरनी माझ्याशी एक शब्दही न बोलता माझे मनगट पकडले आणि माझा पंजा त्या बाईच्या बेंबीजवळ दाबला. ‘बघ कसं ढिलं लागतंय. चेंडूसारखं घट्ट लागायला हवं.’ त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवून गोलाकार चोळायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने माझ्या बोटांखाली ते गर्भाशय आवळत, कठीण होत गेले. गुठळ्या बाहेर पडल्या, रक्त कमी झाले. डॉक्टर पोहोचले तेव्हा बाई बोलत होती. प्रसूतीनंतर होणाऱ्या अतिरक्तस्रावाचे सर्वांत नेहमीचे कारण गर्भाशय न आवळणे हेच असते आणि ते सर्वप्रथम कळते हातालाच. पुढचा महिनाभर माझ्या सुटीच्या दिवशी मी त्याच सिस्टरांच्या परवानगीने प्रसूती कक्षात उभा राहिलो. जे शिकताना फुकट मिळत होते, ते मी असे फेडून घेतले.

तेव्हा, ‘तू इथे काय करणार?’ असे कोणी विचारले, तर उत्तर द्यावे: ‘मॅडम, मला या केसेस स्वतः करायच्या आहेत, रुग्णाने नको म्हटलं तर मी बाजूला होईन.’ लॉगबुकात पाहिलेली केस ‘पाहिली’ म्हणूनच लिहावी. कोणी सही द्यायला तयार असले, तरी न केलेल्या कामावर सही घेऊ नये. आणि प्रसूती, स्त्रीरोग, बालरोग या पोस्टिंग एखाद्या मैत्रिणीशी अदलाबदल करून टाळू नयेत.

सवलतीचे दुसरे रूप अधिक सभ्य असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये नर्सिंग, प्राथमिक शिक्षण, ग्रंथपालन आणि समाजकार्य या चार क्षेत्रांतील ७६ पुरुष आणि २३ स्त्रियांच्या मुलाखतींचा अभ्यास मांडला. बायकांचे बहुमत असलेल्या या क्षेत्रांत पुरुष जागेवर उभा राहिला तरी काचेचा सरकता जिना त्याला वर नेतो, असे त्यांनी म्हटले. जिना सर्वांसाठी सारखा चालत नाही, हे समाजशास्त्रज्ञ एडिया हार्वी विंगफील्ड यांनी २००९ मध्ये दाखवले. कृष्णवर्णीय पुरुष परिचारकांना तो लाभ मिळत नव्हता, उलट त्यांना सफाई कामगार समजले जात होते. तुम्हाला दुसऱ्या वर्षीच ‘तू आयसीयूत जा’, ‘तू पुढे प्रशासनात जा’ असे सुचवले जाईल. आयसीयू आवडत असेल तर जरूर जावे. मात्र यंत्रे अंगमेहनतीच्या निगेपेक्षा अधिक मर्दानी वाटतात म्हणून ती आवडत आहेत का, हे एकदा स्वतःशी तपासावे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचेही तोंड दर काही तासांनी स्वच्छ करावेच लागते.

याच जातीची एक लहान गोष्ट: रुग्ण तुम्हाला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतील. प्रत्येक वेळी, पहिल्याच वाक्यात दुरुस्ती करावी. सहकारी सिस्टर वीस वर्षांच्या अनुभवानेही ज्या रुग्णाला एखादी गोष्ट पटवू शकत नाही, तोच रुग्ण तुमचे ऐकतो, असे घडेल तेव्हा ‘सिस्टरनी सांगितलंय तेच बरोबर आहे’ असे तिच्यासमोर म्हणावे. वर्गातील आणि वॉर्डातील मैत्री अशाच क्षणांवर टिकते.

सहावी पायरी: मन हलके करण्याची जागा शोधा

पहिला मृत्यू केव्हातरी येतोच. मुली जिन्यात बसून बोलतात, रडतात, एकमेकींना धरतात. मुलगा बहुधा सामानाच्या खोलीत जाऊन गॉझचे गठ्ठे पुन्हा पुन्हा लावत बसतो. मी तेच केले होते. रडू आलेच पाहिजे असे नाही, पण जिन्यात जाऊन बसावे. तेथे कोणी बोलू लागली तर लगेच उपाय सुचवू नये. बहुतेक वेळा तिला उपाय नको असतो. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, सेवा हा अर्थ त्यानंतरचा. हा शब्द मला व्याकरणाच्या पुस्तकात भेटला तेव्हा त्या जिन्याची आठवण झाली. शक्य असेल, तर त्या रुग्णाच्या देहाची अखेरची स्वच्छता आपल्या हाताने करावी. डोळे मिटणे, नळ्या काढणे, अंग पुसणे, चादर नीट करणे या कामात हातांना जे कळते, ते नंतरच्या बोलण्याला बळ देते.

जुन्या मित्रांच्या चेष्टेबद्दल फार लिहीत नाही. ती पहिल्या वर्षी असते आणि त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी कोणी आजारी पडले की थांबते.

छळाबद्दल मात्र लिहिले पाहिजे. पुरुष विद्यार्थ्यालाही अश्लील शेरे, नकोसा स्पर्श आणि खासगी प्रश्न सोसावे लागतात, कधी रुग्णांकडून, कधी कर्मचाऱ्यांकडून. आणि ‘पुरुषाला काय त्रास होणार’ या समजापायी तो गप्प राहतो. तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवावेत आणि तक्रार समितीकडे लेखी जावे. तितक्याच स्पष्टपणे दुसरी बाजू: मुलांच्या चॅट ग्रुपमध्ये मैत्रिणींबद्दल किंवा रुग्णांबद्दल जे लिहिले जाते, ते वाचून गप्प बसणारा मुलगाही त्यात सामील असतो. ग्रुप सोडण्याआधी का सोडतो आहे, ते तेथेच लिहावे.

सातवी पायरी: पुढच्या तुकडीतील मुलाला गाठा

दुसऱ्या वर्षी तुमच्यामागे एक-दोन मुलगे येतील आणि अडगळीच्या त्याच खोलीत कपडे बदलतील. पहिल्या आठवड्यात त्यांना भेटावे. वॉर्डात त्यांच्या आधी सिलिंडर उचलायची हाक तुम्हालाच येईल, तेव्हा त्या मुलाला सोबत न ओढता स्पंजच्या ट्रॉलीजवळ उभे करून जावे. परत आल्यावर त्याने पडदा आधी ओढला की ट्रॉली आधी आत नेली, तेवढे पाहावे.